कोऱ्या रजिस्टरवर अंगठा नको



मलकापूरहून आम्ही हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला जाऊन आलो. 21 आणि 22 मार्च 1920 ला तिथं अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर, वय 28. शाहू महाराज स्वतः आले. 1918 सालीच त्यांनी संस्थानातली महार वतनं मोडून जमिनी रयतावा केल्या होत्या. माणगावला माणसं एकत्र बसली, ठराव झाले, लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला कळतात.

ते ठराव म्हणजे मागण्या होत्या, पाठीशी कायदा नव्हता. आपल्या पाठीशी 2006 चा वनहक्क कायदा आहे. दावे मागवायचे, तपासायचे, ठराव करायचा, हे काम ग्रामसभेचं. हजेरी निम्मी पाहिजे आणि हजर माणसांत तिसरा हिस्सा बायका. आणि आपल्या काही वाड्यांवर चाललंय काय? कोणीतरी रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, अंगठे घेतो, झाली ग्रामसभा! दावा फेटाळला की मग आपणच साहेबाला शिव्या देतो.

धनगरवाड्यावरच्या भावांना तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवायची आहे. कागद कुठला असणार? पण दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब नियम 13 प्रमाणं पुरावा धरतात. तो एकटा पुरत नाही. जोडीला जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा दाखवा.

पावसाआधी सभा लावा, दिवसाउजेडी, देवळापुढं. म्हाताऱ्यांचे जबाब त्याच दिवशी लिहून घ्या.