मशीनचा मेंटेनन्स वेळेवर, आतड्याचं काय?

चाकणच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात जा, मशीनवर मेंटेनन्सचं कार्ड लटकलेलं दिसेल. मागचा कधी झाला, पुढचा कधी. मशीन बंद पडायची वाट बघत बसणारा मॅनेजर तिथे टिकणार नाही. आता त्याच मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाची मेडिक्लेम पॉलिसी वाचा. तिथे धोरण एकच, आधी बिघडू दे, मग बघू!

विषय संकोचाचा आहे मंडळी, पोटाचा. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा आणि रक्त पडणारे जुलाब. क्रोन्स हा त्याचाच भाऊबंद. दोन्ही बहुतेकदा ऐन तरुणपणी गाठतात, म्हणजे आपल्याच वयात. 'हे गोऱ्यांचे रोग' असं पूर्वी समजायचे. मग २००३ साली लुधियाना जिल्ह्यातल्या घरोघरच्या पाहणीचे आकडे आले, लाखात साधारण ४४ जणांना कोलायटिस. आता बोला!

ही सूज वर्षानुवर्षं राहिली की आतड्याचं अस्तर सारखं झिजतं, सारखं नवं बनतं आणि पेशींच्या डीएनएमध्ये चुका साठत जातात. त्यातून कॅन्सर होऊ शकतो, हे काही कालचं ज्ञान नाही. ज्याच्या नावाने क्रोन्स ओळखला जातो त्या बर्रिल क्रोनने १९२५ मध्येच कोलायटिसच्या रुग्णातल्या कॅन्सरची नोंद केली होती. २००१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला धोका होता १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८ आणि ३० वर्षांनी १८ टक्के. नंतरच्या अभ्यासांत हे आकडे बरेच खाली आले. म्हणजे घाबरून झोप उडवायचं कारण नाही. पण चांगली औषधं आणि वेळेवरची तपासणी यांना त्याचं बरंच श्रेय दिलं जातं, हेही विसरायचं नाही.

तपासणीचा नियम सोपा आहे. पहिल्या लक्षणापासून साधारण ८ वर्षांनी कोलोनोस्कोपी, मग धोका बघून दर १ ते ५ वर्षांनी. बरं वाटत असलं तरीही. (सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर सहसा गरज नसते. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर मात्र ८ वर्षं थांबायचंच नाही.)

आणि इथेच आपली पॉलिसी हात वर करते. निव्वळ तपासणीसाठी भरती झालात तर खर्च मिळणार नाही, हे कलम बहुतेक पॉलिसींत असतं. माझा एक मित्र चाकणला क्वालिटीत आहे, त्याचा क्लेम ह्याच कलमावर परत आला. म्हणजे कॅन्सर झाला तर लाखो रुपये देऊ, होऊ नये म्हणून काही हजार देणार नाही. हा कुठला हिशोब? कंपनीच्या फुकट वार्षिक चेकअपमध्ये शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी सगळं असतं. आतड्याचं नाव नाही.

'मग करा की स्वतःच्या खिशातून' असं कोणी म्हणेल. हिंजवडीत बसून म्हणायला सोपं आहे. आदला दिवस पोट साफ करण्यात जातो, दुसरा भूल आणि तपासणीत. कंत्राटावरच्या पोराचे हे दोन खाडे कोण भरून देणार? आणि सुपरवायझरला कारण काय सांगायचं? म्हणून तो 'मूळव्याध आहे' म्हणतो आणि मेडिकलमधून मलम आणतो.

ग्रुप पॉलिसीच्या अटी दरवर्षी रिन्यूअलच्या वेळी ठरतात आणि त्या ठरवताना कंपनीला बोलता येतं. तेव्हा एचआरकडे दोनच गोष्टी मागा: अशा रुग्णांच्या ठरलेल्या कोलोनोस्कोपीचा खर्च आणि दोन दिवसांची भरपगारी रजा. आजार तुम्हाला नसला तरी मागा, ज्याला आहे तो लाजेने मागणार नाही.

आणि ज्याला आहे त्याने वर्षं मोजावीत ती रिपोर्टच्या तारखेपासून नाही, पहिलं रक्त दिसलं तेव्हापासून. मूळव्याध समजून काढलेली वर्षंही त्यात धरायची.