पदवीधर मोजा, पण आधी गेज तपासा



देशातले जेमतेम निम्मे तरुण नोकरीच्या कामाचे आहेत, हा निष्कर्ष इतक्या वेळा छापून आला आहे की त्याची शहानिशा करावी असे कोणाला वाटेनासे झाले आहे. केंद्राच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालातही रोजगारक्षम तरुणांचे प्रमाण ५१.२५ टक्के दिले आहे. हा आकडा एका ऑनलाइन चाचणीवर उभा आहे. पुण्याजवळच्या चाकणला गुणवत्ता विभागात काम करणारा माणूस म्हणून माझा आक्षेप मोजण्याला नाही. मोजलेच पाहिजे. पण आज आपण चुकीची गोष्ट, चुकीच्या वेळी मोजतो आहोत आणि दोष मात्र मुलांच्या माथी मारतो आहोत.

आमच्या कामात पार्ट मोजण्याआधी गेज, म्हणजे मोजायचे साधन, तपासतात. तेच पार्ट दोन-तीन जणांनी पुन्हा पुन्हा मोजायचे आणि आकड्यांतला फरक पार्टमुळे येतो की मोजण्यामुळे, हे काढायचे. मोजण्यातलाच दोष ३० टक्क्यांवर गेला, तर ते गेज बाजूला ठेवतात. पार्टवर रिजेक्शनचा शिक्का मारत नाहीत. पदवीधरांवर शिक्का मारताना एवढी तरी काळजी घ्यायला नको का?

ट्रेनी इंजिनिअरला पहिल्या महिन्यात काय करावे लागते ते पाहा. ड्रॉइंग वाचून कोणते माप ग्राहकासाठी कळीचे आहे ते ओळखायचे. तीन शिफ्टच्या रिजेक्शनच्या नोंदी पाहून दोष मशिनचा, मालाचा की सेटिंगचा, हे शोधायचे. ऑपरेटरला ते मराठीत किंवा हिंदीत पटवायचे आणि संध्याकाळी ग्राहकाला इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा. पर्यायी उत्तरांच्या ऑनलाइन परीक्षेत यातले फारच थोडे दिसते. ग्रामीण भागातून आलेल्या मुलाचे इंग्रजी कच्चे असेल, तर तिथे त्याचे यंत्रांचे ज्ञानही कच्चे ठरते.

पदवीधरांची कौशल्ये मोजायची कशी, हा प्रश्न जगातही सुटलेला नाही. ओईसीडी या देशांच्या संघटनेने १७ देशांतल्या सुमारे २३ हजार विद्यार्थ्यांवर ‘अहेलो’ नावाचा प्रायोगिक अभ्यास केला आणि २०१३ पर्यंत त्याचे अहवाल आले. पण २०१५ मध्ये सदस्य देशांचा पुरेसा पाठिंबा मिळाला नाही आणि मुख्य अभ्यास झालाच नाही. भारत त्या १७ देशांत नव्हता. २०२१ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये मात्र आपल्याला थेट लागू पडणारे संशोधन प्रसिद्ध झाले. भारत, चीन, रशिया आणि अमेरिकेतल्या कॉम्प्युटर व इलेक्ट्रिकल शाखांच्या हजारो विद्यार्थ्यांची त्यात तुलना होती. आपल्या मुलांची विषयातली तयारी पहिल्या दोन वर्षांत वाढते, पण चिकित्सक विचाराची क्षमता चार वर्षांत वाढत नाही, असे त्यात आढळले. चीन आणि रशियातही ती वाढत नाही, अमेरिकेत वाढते. प्रवेशाच्या वेळी मूल कुठे होते आणि बाहेर पडताना कुठे पोचले, हे पाहिले म्हणून चार वर्षांचा हिशेब लागला. शेवटी एकदाच मोजले असते तर उणीव फक्त मुलाची दिसली असती.

यावर कोणी म्हणेल, अभियांत्रिकी अभ्यासक्रमांचे एनबीए मूल्यांकन आहेच, आणि अशा मूल्यांकनाला देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्यही आहे. खरे आहे. पण त्या कराराची मान्यता फक्त ‘टिअर वन’, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्थांच्या, अभ्यासक्रमांना मिळते, आणि ती मान्यता अभ्यासक्रमाला असते, विद्यार्थ्याच्या कौशल्याला नव्हे. शिवाय कौशल्ये ‘साध्य’ झाल्याचे तक्ते मुख्यतः कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या परीक्षांतल्या गुणांवरूनच भरले जातात. ज्याने शिकवले त्यानेच मोजले, तर बाहेरच्या माणसाने कशावर विश्वास ठेवावा?

जर्मनीत मात्र शिकाऊ उमेदवाराची अंतिम परीक्षा उद्योग मंडळ घेते. परीक्षकांत मालकांचा प्रतिनिधी, कामगारांचा प्रतिनिधी आणि व्यवसाय-शाळेचा शिक्षक असे तिघेही असतात. ती परीक्षा पदवीधरांची नाही, पण तिचे तत्त्व आपल्याला घेता येईल, आणि आता त्याची गरजही आहे. भारतीय कुशल मनुष्यबळासाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याचे जर्मनीने २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तिकडे जाणाऱ्या मुलांना आपले काम दाखवावे लागेल. नुसत्या गुणपत्रिकेवर भागणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मराठा चेंबर ऑफ कॉमर्स आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या उद्योजक संघटनांनी मिळून मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सपासून सुरुवात करावी. तयार असलेल्या कॉलेजांतल्या मुलांना प्रथम वर्षी आणि शेवटच्या वर्षी खऱ्या कामावर बेतलेली कामे द्यावीत. दुसऱ्या कॉलेजचा प्राध्यापक, कारखान्यातला इंजिनिअर आणि अनुभवी सुपरवायझर अशा तिघांनी तीच कामे स्वतंत्रपणे तपासावीत आणि त्यांच्या गुणांत किती फरक पडतो हेही प्रसिद्ध करावे. उत्तर मराठीत द्यायची मुभा असावी आणि इंग्रजी वेगळे मोजावे. मुलांची नावे गुप्त राहावीत, पण कोणत्या कॉलेजात मुले किती पुढे गेली, हे प्रवेशाआधी पालकांना कळावे.

यावर खर्चाचे कारण कोणी पुढे केले, तर ते इथे तरी पटत नाही. एकाच रस्त्यावर जर्मन, कोरियन, अमेरिकन आणि भारतीय कारखाने असलेला हा पट्टा आहे. वेगवेगळ्या देशांच्या कसोट्या इथल्या माणसांना रोज सांभाळाव्या लागतात. परीक्षक बाहेरून आणायला नकोत. कारखान्यांनीही आपली बाजू तपासावी. चार वर्षे शिकलेल्या मुलाला वर्षभर नुसते पार्ट मोजायला आणि खोकी तपासायला बसवायचे आणि मग त्याला कौशल्य नाही म्हणायचे, हे न्यायाचे नाही.

कर्ज काढून मुलांना शिकवणाऱ्या घरांना आपण आजवर मुलाची टक्केवारी सांगत आलो. कॉलेजने त्याला किती पुढे नेले, हे सांगायची व्यवस्था विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षापासून सुरू करावी, ही माझी मागणी आहे.

— एक गुणवत्ता अभियंता, मोशी