दिल्लीत कांदा महागला की झळ लासलगावला. बातमीतला टक्का कसा वाचायचा?

दिल्लीत कांदा-टोमॅटो महागला की तिथल्या घरखर्चाचं गणित बिघडतं. पण त्यावर सरकार जो निर्णय घेतं, त्याचा फटका किंवा फायदा इथल्या शेतकऱ्याला होतो. म्हणून राजधानीतले किरकोळ भाव ही एकट्या दिल्लीकरांची बाब नाही. अडचण एवढीच, की बातमीतला टक्का नेमका कशाशी तुलना करून काढलाय, हे बहुतेक वेळा कळत नाही.

केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग देशातल्या साडेपाचशे केंद्रांवरून रोजचे भाव गोळा करतो. २०२४ च्या ऑगस्टपासून त्यात २२ ऐवजी ३८ वस्तू आहेत. या भावांची तुलना मुख्यतः दोन प्रकारे होते: मागच्या महिन्याशी आणि मागच्या वर्षीच्या याच काळाशी.

महिन्याच्या आकड्यात हंगाम दिसतो. चाळीतला उन्हाळी कांदा संपत आलेला आणि नवा लाल कांदा यायचा बाकी, अशा सप्टेंबर-ऑक्टोबरात भाव चढतातच. वर्षाचा आकडा हंगाम बाजूला काढतो, पण तो गेल्या वर्षी काय भाव होता यावर अवलंबून असतो. समजा, एखादी भाजी ४० वरून ८० रुपयांवर गेली, तर वाढ १०० टक्के. पुढच्या वर्षी ती ७२ झाली, तर बातमी येणार ‘भाव १० टक्के उतरले’. पण गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीपेक्षा ३२ रुपये जास्तच मोजतंय.

हे प्रत्यक्षात घडलंही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो एवढा भडकला, की सरकारला दिल्लीत ९० रुपये किलोने विक्री सुरू करावी लागली. त्या महिन्यात देशाची किरकोळ महागाई ७.४४ टक्के होती. जुलै २०२४ मध्ये ती ३.५४ टक्क्यांवर आली, कारण तुलना आदल्या वर्षीच्या चढ्या भावाशी होती. पण त्याच जुलैच्या अखेरीस दिल्लीत पुन्हा ६० रुपयांनी सरकारी टोमॅटो विकावा लागला. म्हणजे टक्का उतरला, स्वस्ताई आली नाही.

कांद्याचं दुखणं आणखी वेगळं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, लासलगावहून १६०० टन सरकारी कांदा रेल्वेने दिल्लीला गेला आणि ३५ रुपयांनी विकला गेला.

दिल्लीचा भाव खाली आणायला अशी धावपळ होते. बांधावरचा भाव कोसळतो तेव्हा तेवढी घाई दिसत नाही, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, गिऱ्हाईक कांद्यासाठी मोजत असलेल्या रुपयातले फक्त ३६ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात, टोमॅटोत ३३. दिल्लीत भाव वाढला म्हणजे शेतकऱ्याची चांदी झाली, हा समज त्यामुळेच चुकीचा.

चाळीत माल ठेवणाऱ्याने पावसाळ्यात दिल्लीच्या भावाचा महिन्याचा आकडा बघत राहावा. तो झपाट्याने चढू लागला की सरकारी साठा बाजारात येण्याची शक्यता वाढते, आणि ‘अजून थोडं थांबू’ म्हणणं महागात पडू शकतं.