गाडीतील फेरफार आणि नागरिकधर्म

राजवाड्यासमोरून कर्कश सायलेन्सरची मोटारसायकल जाते आणि हटकले असता चालक खुशाल सांगतो, की आपणाजवळ प्रदूषणाचे प्रमाणपत्र आहे. परंतु त्या तपासणीत पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. आवाज मोजीत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार वर्ज्य मानते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच बजावले. कायदा सुधारणेच्या आड येत नाही; मान्यताप्राप्त सीएनजी संच बसवून त्याची रीतसर नोंद करून घेता येते. विद्यार्थिमित्रहो, गाडी आपली असली, तरी तिचा धूर व आवाज शेजाऱ्याच्या वाट्यास येतो. म्हणून केवळ कागदापुरती तपासणी उरकणे सुजाण नागरिकास शोभत नाही.