सोडून देणं म्हणजे अभयदान नव्हे



पर्युषण जवळ आलं की जीवदयेचे बेत सुरू होतात. कुणी पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडतं, कुणी नातवाचं काचेच्या पेटीतलं कासव तलावात सोडून येतं. मन हलकं होतं, पुण्य घडल्यासारखं वाटतं. परदेशी प्राणी आणि वनस्पती विकायला कायद्याने बंदी असावी की नसावी, हा विषय त्यामुळे मला सरकारी वाटत नाही. तो थेट आपल्या घरातला आहे.

दुकानात मिळणारं ते हिरवं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं पिल्लू पाहा. इंग्रजीत त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळचं ते अमेरिकेच्या दक्षिण भागातलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आणताना नाण्याएवढं असतं. कुणी वास्तूसाठी घेतं, कुणी लक्ष्मी येते म्हणून. पुढे ते जवळजवळ फूटभर वाढतं आणि वीस-तीस वर्षं जगतं, हे दुकानदार सांगत नाही. त्याच्या खाऊचं पाकीट वाचलंय का कधी? बहुतेक वेळा त्यात सुकवलेली कोळंबी असते, कारण लहानपणी हा प्राणी मुख्यतः मांसाहारीच असतो. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात ते पाकीट कुठे ठेवायचं, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं.

मग पेटी लहान पडते, पाण्याला वास येतो आणि कासव तलावात जातं. तिथे ते बेडकांची पिल्लं, गोगलगायी, किडे, छोटे मासे खातं. आपली देशी कासवं ज्या दगडांवर ऊन खात बसतात, त्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणजे आपण एकाला अभय दिलं आणि शेकडोंचं काढून घेतलं. कासव हे मुनिसुव्रतनाथ भगवंतांचं लांछन. पैठणला दर्शनाला जाणाऱ्या आपण, इथल्याच नद्या-तलावांतल्या कासवांवर परका स्पर्धक सोडावा, हे शोभत नाही.

मी वाणिज्य शाखेची, म्हणून हिशेब मांडते. पिंजऱ्यातला जीव सोडवण्यासाठी मोजलेले पैसे विक्रेत्याच्या दृष्टीने विक्रीच असते. तो त्याच पैशातून पुढचा माल भरतो. गिऱ्हाईकाचा हेतू त्याच्या वहीत कुठेच लिहिला जात नाही. दहा सोडवले की वीस पकडले जातात. साखळी तोडायची तर ती गल्ल्यावरच तोडावी लागते, म्हणून बंदी विक्रीवर हवी.

आपल्या शास्त्राने हे कधीच ओळखलं आहे. श्वेतांबर परंपरेतल्या पंधरा कर्मादानांत जिवांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. रत्नकरंड श्रावकाचारात तर पशूंना क्लेश देणाऱ्या व्यापाराचा सल्ला देणंही अनर्थदंडात येतं. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांतला पहिला कोणता? बंध. काचेची पेटी कितीही सजवली, दिवे लावले, तरी तो बंधच.

कायद्यांकडे पाहू. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर अधिसूचना काढून बंधन घालण्याचा अधिकार त्यातून केंद्र सरकारला मिळाला. चांगलंच झालं. पण अशा कलमाला धार येते ती अधिसूचनेने. तीत जातींची नावं स्पष्ट हवीत आणि ती नावं दुकानदाराला व गिऱ्हाईकाला कळतील अशा मराठीत हवीत.

बंदी कशी असावी, हे जपानकडून शिकावं. तिथे १ जून २०२३ पासून याच कासवाची विक्री आणि त्याला बाहेर सोडणं हा गुन्हा आहे. मात्र ज्यांच्या घरी ते आधीच आहे त्यांना परवान्याशिवाय पाळता येतं, दुसऱ्या कुटुंबाला फुकट देताही येतं. कारण सरळ आहे. बाळगण्यावरच बंदी आली असती तर घाबरून लोकांनी रातोरात ती तलावात टाकली असती. युरोपीय संघातही घरातलं जनावर त्याच्या नैसर्गिक मरणापर्यंत ठेवता येतं. ते पळून जाऊ नये आणि त्याची वीण वाढू नये, एवढीच अट.

काही मैत्रिणी म्हणतील, 'परका आणि आपला असा भेद जिवांत कसा करायचा? आत्मा तर सारखाच.' प्रश्न रास्त आहे. त्या कासवाचा दोष काहीच नाही, त्याला इथे आणलं माणसाच्या लोभाने. पण एकदा परकी जात पसरली की सरकारपुढे शेवटी मारण्याचाच मार्ग उरतो. थाई मांगूर माशाचं पाहा. बंदी असूनही चोरून तळी चालली आणि धाडी पडल्यावर ढीगच्या ढीग मासे खड्ड्यात पुरले गेले. वेळेवर आणि नीट पाळलेली विक्रीबंदी ही या सगळ्यातली एकमेव अहिंसक पायरी आहे. नंतरच्या सगळ्या पायऱ्यांवर हिंसा आहे.

वनस्पतींचंही तेच. जांभळ्या फुलांची जलपर्णी शोभेसाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतून आली. बंगालला १९३६ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, आणि आजही पुण्याची मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा तिच्याखाली गुदमरते. तिची दाट चटई पसरली की खालच्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि आतले जीव तडफडतात. नर्सरीतून कुंडीसाठी ती आणू नका. असेल तर नदीत किंवा गटारात न टाकता उन्हात पूर्ण वाळवा.

ज्यांच्या घरी कासव आहे, त्यांनी ते सोडू नये. मोठी पेटी करावी आणि शेवटपर्यंत सांभाळावं. मोठं झाल्यावर ते पालाही भरपूर खातं. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आपल्या संघांनी पुढे यावं. आपल्या पांजरपोळांनी पिढ्यानपिढ्या गाईगुरं सांभाळली. त्यातच एक बंदिस्त, कुंपण घातलेलं तळं का होऊ नये? नर-माद्या वेगळ्या ठेवल्या की संख्या वाढणार नाही. या चातुर्मासात बोलीतला थोडा पैसा त्यासाठी काढा, असं आपल्या मंदिराच्या विश्वस्तांना सांगून पाहा. आपण बायकांनी मनावर घेतलं तर ते नाही म्हणणार नाहीत.

आणि नातवंडाने वाढदिवसाला कासव मागितलं, तर त्याला एखाद्या तलावाच्या काठी न्या आणि दगडावर ऊन खात बसलेलं आपलं देशी कासव लांबून दाखवा.