पात्र दुसऱ्याचं, मग विचारायला काय जातं?

डोरेमॉनचा शेवट घरातल्या पोरांनी तुम्हाला सांगितला असेलच. त्याची बॅटरी संपते, नोबिता शिकून मोठा शास्त्रज्ञ होतो आणि त्याला स्वतः दुरुस्त करतो. गोष्ट छान आहे, डोळ्यांत पाणी येतं. फक्त ती डोरेमॉनच्या निर्मात्याची नाही.

फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले, शेवट न लिहिताच. चाहत्यांमध्ये फिरणाऱ्या या गोष्टीवर जपानमधल्या एका चाहत्याने २००५ मध्ये कॉमिक काढून विकलं. हजारो प्रती खपल्या. चित्रं इतकी हुबेहूब, की अनेकांना तोच खरा शेवट वाटला. प्रकाशकांनी हरकत घेतली. २००७ मध्ये त्या चाहत्याने माफी मागितली, विक्रीतले काही पैसेही दिले.

आता गंमत बघा. याच जपानमध्ये १९७५ पासून चाहत्यांच्या कॉमिक्सचा मोठा बाजार भरतो, 'कॉमिकेट'. दुसऱ्यांची पात्रं घेऊन काढलेली कॉमिक्स तिथे उघड विकली जातात आणि प्रकाशक बहुतेक वेळा काणाडोळा करतात. उद्याचे चित्रकार यातूनच घडतात, हे त्यांना माहीत आहे. मग इथेच का अडलं? कारण हे चाहत्याचं काम आहे हे वाचणाऱ्याला कळेना, आणि खप वाढतच गेला.

हे सगळं आज सांगायचं कारण आपली मुलं. तालुक्याच्या गावातली पोरंपोरीसुद्धा आता मोबाइलवर कॉमिक्स काढतात, स्वतःची पात्रं तयार करतात, इन्स्टाग्रामवर टाकतात. त्यांच्या भाषेत 'ओसी', म्हणजे ओरिजिनल कॅरॅक्टर. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. कॉलेज करून रात्री चित्रं काढणाऱ्या पोरीकडे कोण आहे? म्हणून मी म्हणतो, रीतभात मोठ्यांपेक्षा या छोट्यांशी जास्त पाळायला हवी.

'नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं' असं काहीजण म्हणतात. अहो, दारात लावलेली सायकल आपण 'दिसली म्हणून नेली' असं म्हणतो का? दुसरा मुद्दा जरा वजनदार आहे. रामायण-महाभारत तर प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं, मग यालाच बंधन का? खरंय. पण या पोरीची गोष्ट अजून चालू आहे. तिच्या पात्राला तुम्ही परस्पर मारलंत, लग्न लावून दिलंत, शिव्या द्यायला लावल्यात, तर लोक जाब तिला विचारणार.

फार काही करायचं नाही.

१. आधी मेसेज करून विचारा. उत्तर आलं नाही म्हणजे होकार नव्हे.
२. पहिल्याच पानावर मूळ निर्मात्याचं नाव आणि 'हे चाहत्याने काढलेलं आहे' असं ठळक लिहा.
३. पात्राच्या तोंडी राजकारण, धर्म, अश्लीलता घालू नका. अमेरिकेत मॅट फ्युरीचा पेपे नावाचा साधा बेडूक द्वेष पसरवणाऱ्यांनी उचलला. शेवटी २०१७ मध्ये फ्युरीने आपल्याच कॉमिकमध्ये तो मेल्याचं दाखवलं.
४. पैसे मिळणार असतील तर वेगळी परवानगी घ्या.
५. 'काढून टाक' म्हटलं तर वाद न घालता काढा.

आणि निर्मात्यांनो, तुम्हीही प्रोफाइलवर एक ओळ लिहून ठेवा: काय चालेल, काय नाही. समोरच्याला मनातलं कसं कळणार?

पोरांना हे शिकवायचं तर सुरुवात आपल्यापासून करावी लागेल. दुसऱ्याच्या पोस्टखालचं नाव उडवून ती फॅमिली ग्रुपवर ढकलणारे आपणच आहोत ना?

पटलं तर शेअर करा. नावासकट.