लेणीची प्रतिकृती आणि ऐकीव पुरावा

जळगाव स्थानकावर उतरून पहूरमार्गे निघाले की साधारण साठ किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी येतात. चाळीसगावला उतरणाऱ्याला पितळखोरे त्याहून जवळ. महसुली हद्दीने ही दोन्ही ठिकाणे आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात हे खरे, परंतु त्यांचा दरवाजा खान्देशात उघडतो. जपान, श्रीलंका, थायलंडचे उपासक आमच्या जळगावच्या फलाटावरून अजिंठ्याला जातात. प्रश्न असा आहे की, या दरवाजाशी राहणारे आपण आपल्या लेकरांना या लेण्यांबद्दल नेमके काय सांगतो?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतला सातवीचा एक मुलगा शाळेच्या सहलीतून लेणी पाहून आला. आम्ही विचारले, "काय पाहिलेस रे?" तो म्हणाला, "वकीलकाका, पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी पाहिली." या मुलाला त्रिसरण-पंचशील तोंडपाठ आहे. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आई दर पौर्णिमेला विहारात येते. तरीही लेणी कोणाची, तर पांडवांची! सहलीसोबतच्या माणसाने जे सांगितले ते त्याने ऐकले आणि ते डोक्यात बसले. दोष त्या लेकराचा नाही. त्याला दुसरे काही सांगणारे कोणी नव्हते, हा दोष आमचा आहे.

वकिलीच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकतो. ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे. १८७२ चा पुरावा कायदा गेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, पण तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे हे तत्त्व तसेच राहिले. "अमक्याने सांगितले म्हणून" एवढ्यावर कोर्ट निकाल देत नाही. मग नाशिकच्या त्रिरश्मी लेणीला 'पांडवलेणी' म्हणायचे ते कोणत्या दस्तऐवजावरून? पांडवांच्या नावाचा एक तरी शिलालेख कोणी दाखवला आहे काय? भिक्खुसंघाला दिलेल्या दानाचे लेख मात्र त्याच भिंतींवर कोरलेले आहेत. ज्याच्या बाजूने लेखी दस्तऐवज आहे तो पक्षकार गप्प बसला आणि ज्याच्याजवळ केवळ ऐकीव कथा आहे त्याचे नाव सातबाऱ्यावर चढले, असा हा प्रकार आहे.

आपल्या खान्देशच्या दारातले दस्तऐवज काय म्हणतात ते पाहू. पितळखोऱ्याच्या खोदकामात मिळालेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या तळहातावर ती घडविणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. तो कण्हदास म्हणजे कृष्णदास, धंद्याने सोनार. तेथील चैत्यगृहाच्या खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे दान लिहिले आहे. विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचे नाव आहे. अजिंठ्याच्या १० व्या लेणीच्या दर्शनी कमानीवर लेख आहे की हे 'घरमुख' वासिठीपुत कटहादीचे दान आहे. १२ व्या लेणीत घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव १६ वी लेणी देतो आणि भिक्खू बुद्धभद्र २६ वी. म्हणजे राजाचा मंत्री आहे, भिक्खू आहे, वैद्य आहे, व्यापारी आहे आणि हाताने काम करणारा सोनारही आहे. ही लेणी वर्गणीतून उभी राहिली आहेत, धम्मबांधवांनो! कोणी खांब दिला, कोणी कमान दिली. आपण विहारासाठी पावतीपुस्तक घेऊन फिरतो, त्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे.

पण हे सगळे भाषणात सांगितले की मुले जांभया देतात, हा आमचा अनुभव. आणि प्रत्यक्ष लेणीत नेले तरी काम भागत नाही. आत अंधार असतो, गर्दी असते, शिक्षकांना बस गाठायची घाई असते. मुले रंगीत चित्रे पाहतात आणि बाहेर येतात. चैत्यगृह आणि विहार यांत फरक काय, मागची भिंत अर्धगोल का, खांबांच्या मागून वाट कशासाठी, हे त्यांना कळत नाही. कोर्टात जागेचा वाद समजत नसेल तर आम्ही पंचनाम्यासोबत नकाशा मागतो. तसेच येथे हवे, असे वाटून आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत विहारातल्या मुलांकडून अजिंठ्याच्या १० व्या लेणीची प्रतिकृती करून घ्यायचे ठरवले.

हीच लेणी का? एक तर ती अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनापूर्वीची. दुसरे, तिच्यात बुद्धमूर्ती कोरलेली नाही, पूजास्थानी स्तूपच आहे. त्यामुळे मूर्तीपूर्वीचा बौद्ध उपासक कसा वंदन करीत होता, हे मुलांना दिसते. तिसरे, १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठा पाहिले तेव्हा आपले नाव याच लेणीत खरडले. त्याने लेणी 'शोधली' असे पुस्तकात लिहितात, पण कटहादीचे नाव तेथे त्याच्या दोन हजार वर्षे आधीपासून आहे.

हिशेब सोपा निघाला. लेणी सुमारे ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद, छत सुमारे ११ मीटर उंच. विसाव्या हिश्श्याने घेतले तर दीड मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, पंचावन्न सेंटिमीटर उंच. म्हणजे विहारातल्या एका टेबलावर मावेल एवढी. गणितात नापास होणाऱ्या मुलांनी हे भागाकार स्वतः केले. अष्टकोनी खांब ३९. पुठ्ठ्याला सात घड्या घालून आठ बाजू कशा आणायच्या हे एका मुलीने शोधून काढले आणि मग ती सगळ्यांची गुरू झाली. स्तूप मातीचा केला. खाली गोल जोते, वर अंड, त्यावर हर्मिका. पहिल्या खेपेला मुलांनी मागची भिंत सरळ घेतली. खांब लावायला गेल्यावर स्तूपामागून वाट राहिना. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले की भिंत अर्धगोल आहे ती प्रदक्षिणेसाठी. हे आम्ही दहा वेळा सांगितले असते तरी कळले नसते.

छताजवळ आल्यावर वाद झाला. या लेणीच्या मधल्या छताला मुळात लाकडी कमानी होत्या, त्या आता नाहीत. प्रतिकृतीत त्या दाखवायच्या की नाही? आम्ही मुलांना म्हटले, जे सिद्ध आहे ते आणि जे आज दिसते ते, दोन्ही वेगवेगळे दाखवा. म्हणून अर्ध्या छताला बांबूच्या कामट्या वाकवून लावल्या आणि अर्धे छत आज आहे तसे कोरे ठेवले. एक बाजूची भिंत उघडी ठेवली, आतले दिसावे म्हणून. शेवटी आठ सेंटिमीटर उंचीचा मातीचा एक भिक्खू करून खांबांमध्ये उभा केला. तो उभा राहिल्याबरोबर लेणी केवढी मोठी आहे ते सगळ्यांना एकदम कळले.

वस्तीतल्या एक आजी काठी टेकत पाहायला आल्या. बराच वेळ त्या खांबांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हाई ते मानसेस्नं काम शे." हे तर माणसांचे काम आहे! एवढेच तर आम्हाला सांगायचे होते. पांडव नाहीत, देव नाहीत, एक रात्र नाही. छिन्नी-हातोडा घेतलेली माणसे आणि कित्येक वर्षांचे श्रम.

चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांनी आमच्यावर टीका केली. ते म्हणाले, "मुलांना स्पर्धा परीक्षेला बसवा, पुठ्ठ्याची खेळणी कसली करवता?" दुसरे म्हणाले, "उद्या या प्रतिकृतीला हार घालून अगरबत्ती लावतील." पहिल्या आक्षेपावर आमचे म्हणणे असे की, प्रमाण, भागाकार, नकाशावाचन आणि इतिहास ही खेळणी नव्हेत. ती परीक्षेलाही लागतात. दुसरा आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. म्हणून ती प्रतिकृती वंदनेच्या जागी न ठेवता वाचनालयाच्या टेबलावर ठेवली आहे, आणि मुलांनी तिला हात लावावा, छत उचलून पाहावे, अशी मोकळीक दिली आहे. ज्या वस्तूला हात लावता येतो आणि प्रश्न विचारता येतो, तिचा देव होत नाही.

मोठ्या प्रतिकृतींचे काय होते तेही आपण पाहिले आहे. फर्दापूरजवळ पर्यटक केंद्रात १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या भव्य प्रतिकृती उभारल्या गेल्या. जपानच्या कर्जसाहाय्यातून झालेले हे काम २०१३ साली लोकांसाठी खुले झाले. मूळ चित्रांवरचा गर्दीचा भार कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण काही वर्षांतच वीज-पाण्याची बिले थकल्यामुळे केंद्र बंद पडल्याच्या बातम्या वाचाव्या लागल्या. कोट्यवधींची वास्तू बिलावाचून अडते, विहारातल्या टेबलाला मात्र बिल येत नाही. सरकारने आपले काम केलेच पाहिजे, संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण राज्यावर सोपवले आहे. परंतु ५१-क मध्ये वारसा जतन करण्याचे कर्तव्य नागरिकांवरही आहे, हे आपण विसरतो.

आता कोणी म्हणेल, प्रतिकृतीने एवढे काय होणार? त्यांना बुद्धगयेचे उदाहरण देतो. मध्ययुगात महाबोधी महाविहाराच्या लहान दगडी-लाकडी प्रतिकृती घडविल्या जात आणि यात्रेकरू त्या तिबेट, ब्रह्मदेशापर्यंत नेत. एकोणिसाव्या शतकात विहार मोडकळीस आला. १८८० च्या दशकात कनिंगहॅम आणि बेगलर यांनी दुरुस्ती हाती घेतली तेव्हा कोपऱ्यावरची शिखरे मुळात कशी होती हे ठरविण्यासाठी अवशेषांत सापडलेल्या एका छोट्या दगडी प्रतिकृतीचा आधार घेतला गेला. म्हणजे वास्तू ढासळली तेव्हा तिची साक्ष हातभर प्रतिकृतीने दिली. पण वास्तू उभी राहिली तरी ताबा आपला झाला नाही. १९४९ च्या बुद्धगया मंदिर कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सभासद ठेवले व अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. त्याविरुद्ध फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी बुद्धगयेत जे आंदोलन आरंभले, त्यात खान्देशातल्या गावोगावच्या निवेदनांचाही वाटा आहे. पण निवेदनावर सही करणाऱ्या किती जणांना महाविहाराची रचना सांगता येईल? मालमत्तेचे वर्णनच ज्याला देता येत नाही, त्याचा दावा कमकुवत ठरतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक विहाराने एका जयंतीला एक फ्लेक्स कमी लावावा आणि त्या पैशांत एका लेणीची प्रतिकृती मुलांकडून करून घ्यावी. चाळीसगावकरांनी पितळखोरे घ्यावे. मापे छापील पुस्तकांतून घ्यावीत, फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा १८८० चा लेणीग्रंथ आहे, पुरातत्त्व खात्याची प्रकाशने आहेत. संरक्षित लेणीत जाऊन भिंतीला टेप लावू नये, ठसे घेऊ नयेत, रंगाला बोट लावू नये. १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा आपल्या वारशाच्या रक्षणासाठीच आहे, तो आपण आधी पाळावा. आणि प्रतिकृतीखाली शिलालेखातले दानकर्त्याचे नाव लिहावे. सोनार असेल तर सोनार, व्यापारी असेल तर व्यापारी.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी राहिले होते. दरवर्षी ३१ जुलैला तेथे हजारो बांधव जमतात. वकील म्हणून आलेल्या बाबासाहेबांच्या त्या जागेवर येत्या वर्षी आमच्या मुलांची ही पाच फुटांची लेणी टेबलावर मांडण्याचा आमचा विचार आहे. तिच्याशेजारी तोच मुलगा उभा राहील, पांडवांची लेणी पाहून आलेला. त्याने स्वतःच्या हाताने ३९ पैकी अकरा खांब केले आहेत. कोणीही यावे आणि त्याला विचारावे, लेणी कोणी कोरली? आता तो ऐकीव सांगणार नाही.

जयभीम!